डोळे तपासायची वेगळी फी घ्यावी की नाही?

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारी, डॉक्टर नव्हे. आधी पुण्यात एका डोळ्यांच्या हॉस्पिटलात नोकरी केली, आता कराडकडे स्वतःचं छोटं क्लिनिक आहे, चष्मेही बनवून देते. दिवाळीनंतर मी एक बदल केला, तपासणीची वेगळी फी घ्यायला लागले, दोनशे रुपये. चष्मा माझ्याकडून घ्या किंवा घेऊ नका, फी तेवढीच, आणि नंबर कागदावर नीट लिहून मिळतो, तो घेऊन कुठल्याही दुकानात जा. त्यावरून गावात बरीच कुजबुज आहे. "चष्म्याचा नंबर काढायचे कधी कुणी पैसे घेतलेत का?" हे रोज ऐकते.

माझं म्हणणं असं की जो फुकट तपासतो त्याची कमाई चष्मा विकला तरच होते. "तुमचा नंबर बदललेला नाही, हाच चष्मा चालू द्या" हे समोरच्याच्या सगळ्यात फायद्याचं वाक्य, आणि ते बोलणाऱ्याला त्या तपासणीचा एक रुपया मिळत नाही. दिवसभर दुकानाचं भाडं डोक्यावर असताना हे वाक्य किती वेळा बोललं जाईल तुम्हीच सांगा.

अर्ध्या तासात मी काय करते तेही लिहिते कारण बऱ्याच जणांना वाटतं की मशीनमध्ये हनुवटी ठेवली की झालं. आधी विचारते काम काय करता, गाडी रात्री चालवता का, शुगर-बीपी आहे का, घरात कुणाला काचबिंदू आहे का. जुन्या चष्म्याचा नंबर मोजते. मग दोन्ही डोळे वेगवेगळे, मग एकत्र, लांबचं, जवळचं. डोळे एकमेकांबरोबर नीट काम करतात का ते बघते. स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या दुर्बिणीवर, बुबुळ, पापण्या, भिंग. चाळिशीच्या पुढे डोळ्याचं प्रेशर. काही शंका आली तर चिठ्ठी देऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवते आणि त्या दिवशी चष्मा विकतच नाही, कारण शुगर वरखाली असताना काढलेला नंबर महिन्याभरात निरुपयोगी होऊ शकतो.

तुमचे अनुभव सांगा. पेशंट म्हणून, दुकानदार म्हणून, कसेही.

बंड्या_ठाणेकर
दोनशे? आमच्या स्टेशनरोडला कॉम्प्युटरवर दोन मिनिटात नंबर काढून देतात, फुकट, वर पुसायला कापड देतात.

शिरीष कोथरूड
कापडाचा मुद्दा विचारात घ्यायलाच हवा ताई :)

परागकण
@बंड्या, त्या कॉम्प्युटरबद्दल थोडं लिहितो. मी पण याच धंद्यातला, हॉस्पिटलमध्ये मुलांच्या विभागात आहे. त्या मशीनला ऑटोरिफ्रॅक्टोमीटर म्हणतात, चांगलं मशीन आहे, आमच्याकडेही आहे. पण त्यातून निघतो तो अंदाज, तिथून तपासणी सुरू होते. विशेषतः लहान मुलं. मूल मशीनमधलं चित्र बघताना डोळ्यावर जोर देतं, आतलं भिंग फुगतं, आणि मायनस नंबर असतो त्यापेक्षा जास्त दिसतो. काही वेळा तर मूल प्लसचं असतं आणि मशीन मायनस दाखवतं. म्हणून मुलांना थेंब घालून तो जोर सैल करून मग नंबर काढायचा असतो. तो कागद तसाच काचेत उतरवला तर मुलाचं डोकं दुखणार आणि आई म्हणणार मोबाईलमुळे दुखतंय.

आणि रेटिनोस्कोपीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. हातात एक छोटं यंत्र असतं, त्यातून प्रकाशाची एक उभी रेघ पेशंटच्या बाहुलीत टाकायची आणि ती हलवायची. आतून पडद्यावरून परत येणारी लालसर चमक रेघेच्या बरोबरीने हलली तर प्लसचं भिंग पुढे धरायचं, उलट दिशेने हलली तर मायनसचं. भिंगं बदलत जायचं, एका क्षणी ती हालचाल थांबते आणि पूर्ण बाहुली एकदम उजळते. तिथे पोचलात की साधारण ६७ सेंटिमीटरवरून बघत असाल तर त्यातून दीड वजा करायचा. झाला नंबर. पेशंटने एक शब्दही बोलायची गरज नाही. सहा महिन्यांचं बाळ, मतिमंद मूल, पक्षाघाताने बोलणं गेलेले आजोबा, ज्यांना 'हे बरं की ते बरं' विचारताच येत नाही त्यांचा नंबर असा निघतो. बोलता न येणाऱ्या एका मुलीला मी पहिल्यांदा चष्मा घातला तेव्हा तिने आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बघतच बसली. मला या कामात काय मिळतं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगतो.

कोयनाकाठ
परागकण, किती छान लिहिलंत. ती बाहुली उजळते तो क्षण इतकी वर्षं झाली तरी जुना होत नाही.

नाशिक_चष्मेवाला
माझी बाजू मांडतो, रागावू नका. आमचं दुकान आजोबांपासून आहे. ऑप्टोमेट्रिस्ट पगारावर ठेवलेला आहे, चांगला शिकलेला मुलगा, तपासणी कधीही दोन मिनिटात उरकत नाही. पण फी घेत नाही, कारण घेतली की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. शिवाय आता लोक आमच्याकडे तपासून घेतात, दहा फ्रेमी घालून आरशात फोटो काढतात आणि ऑनलाईन मागवतात. मग ती फ्रेम नाकावरून घसरते म्हणून परत आमच्याकडेच घेऊन येतात, "जरा काडी वाकवून द्या ना". तेही फुकट. तुम्ही म्हणता की आम्ही गरज नसताना चष्मे खपवतो, ते सगळ्यांना लागू नाही. पिढ्यान्‌पिढ्या एकाच गावात धंदा करायचा तर माणूस फसवून चालत नाही, मुलाच्या लग्नात त्याच लोकांना बोलवायचं असतं.

कोयनाकाठ
@नाशिक_चष्मेवाला, दादा रागावायचं काहीच नाही, तुम्ही म्हणता ते खरंय. नीतीने धंदा करणारे पुष्कळ आहेत. मला खटकते ती रचना. तुमच्याकडचा शिकलेला मुलगा अर्धा तास घालवून एखाद्याला सांगतो की नंबर तोच आहे, तर ते काम त्याने केलंय ना? त्याचं मोल फ्रेमच्या किमतीत लपवलं की गिऱ्हाइकाला वाटतं हे काम म्हणजे काहीच नाही, फ्रेम तेवढी महाग. आणि ऑनलाईनवाल्याला तपासणीचा खर्च नसतो म्हणून त्याची फ्रेम स्वस्त दिसते. फी वेगळी काढली तर तुमची फ्रेमही स्वस्त करता येईल की.

मीरेची आई
मी दोन्हीपैकी कुणी नाही, फक्त आई आहे. पण इथे लिहायचंच आहे.

मुलगी पहिलीत होती. टीव्ही लांबून बघायची, सुई-दोरा खेळात पटकन ओवायची, कुठे धडपडायची नाही. आमच्या मनात डोळ्यांचा विचारही आला नव्हता. शाळेत तपासणीला एक ऑप्टोमेट्रिस्ट ताई आल्या, त्यांनी एक डोळा झाकला, वाचलं सगळं. दुसरा झाकला, तर ही सगळ्यात मोठं अक्षर सोडून काहीच सांगेना आणि झाकलेला हात काढायला बघायला लागली. त्यांनी चिठ्ठी दिली. मला तर आधी वाटलं की मुलगी कंटाळली असेल. नवरा म्हणाला जाऊन तर येऊ. थेंब घालून तपासलं तर एका डोळ्याला जवळजवळ काही नाही आणि दुसऱ्याला प्लस साडेचार. त्या डोळ्याकडून मेंदूला कधी स्पष्ट चित्र गेलंच नव्हतं, म्हणून मेंदू त्याच्याकडे लक्षच देत नव्हता. आळशी डोळा म्हणतात.

चष्मा लागला आणि काही आठवड्यांनी चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी. सुरुवातीचे दिवस वाईट होते हो. चांगला डोळा झाकायचा आणि न दिसणाऱ्या डोळ्याने रंगव म्हणायचं, रडायचीच ती. तिथल्या ऑप्टोमेट्रिस्टनी तिला एक तक्ता करून दिला, पट्टी लावली की त्या चौकोनात तिने एक चित्र काढायचं, आणि पुढच्या भेटीला तो तक्ता ते स्वतः पाच मिनिटं नीट बघायचे, हा हत्ती आहे का, याला शेपूट का नाही. ती त्यांच्यासाठी पट्टी लावायची, माझ्यासाठी नाही. आता त्या डोळ्याने शेवटून दुसरी ओळ वाचते. शाळेतल्या त्या ताईंनी दोन मिनिटं एकेक डोळा झाकून बघितलं नसतं तर हे आम्हाला ती लायसन काढायला गेली तेव्हा कळलं असतं. दोनशे काय, काहीही द्यायला तयार आहे मी.

परागकण
@मीरेची आई, शेवटून दुसरी ओळ म्हणजे खूप मोठी गोष्ट आहे, तुमचं आणि मुलीचं दोघींचं कौतुक. सात-आठ वर्षांच्या आत सापडलं की सुधारायची शक्यता सगळ्यात चांगली असते. त्यानंतरही प्रयत्न करायचे, मोठ्या मुलांतही थोडाफार फरक पडतो, पण लवकर ते लवकरच. सगळ्या आईवडिलांनी घरी एवढं करा, मुलाचा एकेक डोळा तळहाताने झाकून दुसऱ्याने काय दिसतं विचारा. ज्या डोळ्यावर हात ठेवल्यावर मूल चिडतं, त्यावरून बरंच कळतं.

शिरीष कोथरूड
तक्त्यावरून आठवलं. आमचे आजोबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. डोळे तपासायला नेलं, समोरचा तक्ता वाच म्हटल्यावर त्यांनी पूर्ण वाचला आणि तपासणाऱ्याला म्हणाले, "वाचलं, पण यात एकही वाक्य पूर्ण नाही, मजकूर परत मागवा."

बंड्या_ठाणेकर
:) :) आजोबांना साष्टांग.

परागकण
तो तक्ता नेदरलँड्समधल्या हर्मन स्नेलेन यांचा, १८६२ सालचा. सहा मीटरवरून वाचायचा, ६/६ च्या ओळीतलं अक्षर जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर उंच आणि ६/६० चं त्याच्या दहापट. ६/६० म्हणजे निरोगी डोळ्याला जे अक्षर साठ मीटरवरून दिसतं ते बघायला तुम्हाला सहा मीटरवर यावं लागतं. छोट्या दुकानात सहा मीटर जागा नसते म्हणून आरसा लावून तीनात भागवतात. देवनागरी तक्ते असतातच, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना इंग्रजी ई वेगवेगळ्या दिशांना फिरवलेला असतो, बोटांनी दिशा दाखवायची.

यॉर्कशायरची वैदेही
कराडची आहे म्हणून धागा उघडला :) इंग्लंडमध्ये ऑप्टोमेट्रिस्ट आहे, शिक्षण इथलंच. इथे जनरल ऑप्टिकल कौन्सिलकडे नोंदणी असल्याशिवाय ऑप्टोमेट्रिस्टला डोळे तपासता येत नाहीत. सोळाच्या आतली मुलं, साठीच्या पुढचे, डायबेटिस किंवा काचबिंदू असलेले, शिवाय जवळच्या नात्यात काचबिंदू असेल तर चाळिशीच्या पुढचे, यांची तपासणी एनएचएसकडून, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेकडून, मोफत. स्कॉटलंडमध्ये तर २००६ पासून सगळ्यांचीच. सरकार आम्हाला तपासणीचे पैसे देतं.

आता गंमत ऐका. इंग्लंडात सरकार देतं ती रक्कम नीट तपासणीच्या खर्चाला पुरत नाही अशी इथल्या लोकांची जुनी तक्रार आहे. मग दुकान चालतं कशावर, तर चष्म्यांवरच. म्हणजे कराड काय नि लीड्स काय, तपासणी तोट्यात आणि काचेतून भरपाई. इथे तर पेशंटमागे वीस-पंचवीस मिनिटं ठरलेली असतात, त्यात पडद्याचा फोटो, प्रेशर, नंबर सगळं, आणि बाहेर मॅनेजर बघत असतो की किती जण आत गेले आणि त्यातल्या किती जणांनी चष्मा घेतला. ताई, तुम्ही फी घेताय ते अगदी बरोबर करताय, थांबू नका.

तरी मला हे काम आवडतं. नेहमीच्या तपासणीला आलेल्या एका बाईंच्या डोळ्याची नस सुजलेली दिसली, त्यांना फक्त डोकं दुखतंय म्हणून चष्मा बदलायचा होता. त्याच दिवशी हॉस्पिटलला पाठवलं. नंतर त्या मुद्दाम भेटायला आल्या.

अनुष्का_१२वी
मी बारावी सायन्सला आहे. नीट देणार आहे पण मला खरं म्हणजे बी.ऑप्टोम (ऑप्टोमेट्रीची पदवी) करायचंय, माझ्या मावसबहिणीने केलंय. घरी म्हणतात चार वर्षं शिकून दुकानात बसणार का. पगार खरंच इतका कमी असतो का? इथे बरेच जण या क्षेत्रातले आहेत म्हणून विचारते.

परागकण
अनुष्का, सरळ सांगतो. चार वर्षं, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप. पहिली नोकरी बऱ्याच ठिकाणी पंधरा-वीस हजारांची असते, शहरात त्यात भागत नाही, हे आईवडिलांना आधीच सांग. वाढतं ते कौशल्याने. कॉन्टॅक्ट लेन्स, लो व्हिजन (चष्म्यानेही नीट न दिसणाऱ्यांना मदत), मुलांचे डोळे, दोन डोळ्यांचा ताळमेळ, यातलं एखादं नीट शिकलीस की तुला शोधत लोक येतात. काही जण शिकवतात, काही लेन्स कंपन्यांत जातात, काही तिथली परीक्षा देऊन आखातात जातात, काही कोयनाकाठ ताईंसारखं स्वतःचं उघडतात.

कॉलेज निवडताना एकच बघ, तिथे पेशंट किती येतात आणि विद्यार्थ्यांच्या हाताला किती लागतात. इमारत बघू नकोस. चेन्नईला शंकर नेत्रालयाचं एलीट स्कूल १९८५ पासून आहे, हैदराबादला एल. व्ही. प्रसाद आहे, आपल्याकडे पुण्या-मुंबईतही कॉलेजं आहेत. जिथे मोठं हॉस्पिटल जोडलेलं तिथे हात बसतो.

आणि २०२१ मध्ये केंद्राने अलाईड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा केला, त्यात ऑप्टोमेट्री आहे. तोपर्यंत आपल्या कामाला देशपातळीवर कायद्याने ओळखच नव्हती, कुणीही उठून पाटी लावायचा. नोंदणी नीट सुरू झाली की तुमच्या पिढीला आमच्यापेक्षा बरे दिवस येतील असं मला मनापासून वाटतं.

डॉ_नेत्रा
मी डोळ्यांची डॉक्टर, विदर्भात प्रॅक्टिस. ऑप्टोमेट्रिस्ट नसेल तर माझी ओपीडी दुपारपर्यंत कोसळेल, मी ऑपरेशन कधी करणार? त्यामुळे फीच्या मुद्द्याला पूर्ण पाठिंबा. पण एक बजावून सांगते, विशेषतः अनुष्कासारख्या नव्या मुलांना. डोळा लाल आहे म्हणून कुणी थेंब मागितले तर देऊ नका. मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आणून महिनोन्‌महिने घातलेली मुलं माझ्याकडे येतात. ॲलर्जीची खाज लगेच थांबते म्हणून घरचे खूश असतात, आणि आत प्रेशर वाढून नस खराब होत असते. ती नस परत येत नाही. चिठ्ठी द्या, फोन करा, पाठवा.

परागकण
डॉक्टर, सहमत. फक्त एवढंच म्हणेन की जिथे शंभर किलोमीटरात डोळ्यांचा डॉक्टर नाही तिथे नीट शिकलेल्या ऑप्टोमेट्रिस्टला काही साधी औषधं लिहिण्याचा अधिकार असावा. ब्रिटनमध्ये जादा परीक्षा देऊन तो मिळतो.

डॉ_नेत्रा
तिथली देखरेखीची व्यवस्था पण आणा मग बोलू. आज आपल्याकडे कोण नीट शिकलाय हे पेशंटला ओळखताच येत नाही. या बाबतीत माझं मत बदलणार नाही.

रात्रपाळी
खाजेचा विषय निघाला म्हणून लिहितो. मला केराटोकोनस आहे. लहानपणापासून डोळे चोळायची सवय, खाजायचेच फार. कॉलेजात असताना दर सहा महिन्यांनी चष्मा बदलायचो, सिलिंडर म्हणजे तिरका नंबर वाढतच चाललेला, अॅक्सिस म्हणजे त्याचा कोन दरवेळी वेगळा, आणि नवीन चष्म्यातूनही रस्त्यावरच्या दिव्यांना शेपट्या दिसायच्या. तीन वेगवेगळ्या दुकानांत फुकट तपासणी झाली आणि तिन्ही ठिकाणी चष्मा मिळाला. चौथ्या ठिकाणी एका ऑप्टोमेट्रिस्टने पैसे घेऊन तपासलं, ते रेटिनोस्कोपमधून बघताना बराच वेळ थांबले, म्हणाले आतली चमक कात्रीच्या पात्यांसारखी उघडमिट करतेय, चष्मा बनवू नका, आधी बुबुळाचा नकाशा काढून घ्या. बुबुळ पातळ होऊन पुढे शंकूसारखं येत होतं. मग सीथ्रीआर झालं, म्हणजे जीवनसत्त्वाचे थेंब घालून अतिनील किरण देतात, त्याने बुबुळ आहे तिथे थांबतं. गेलेली नजर त्याने परत येत नाही, ती आणली स्क्लेरल लेन्सने. मोठी लेन्स असते, आत सलाईन भरून बसवायची. त्या बसवण्यासाठी त्यांनी मला कितीदा तरी बोलावलं, घाल, काढ, परत घाल, बुडबुडा राहिला, परत. लेन्स घालून बाहेर आलो आणि स्वारगेटला येणाऱ्या बसचा नंबर लांबूनच वाचला.

म्हणून @बंड्या भाऊ, तुमची ती फुकटची दोन मिनिटं मला जवळजवळ दीड वर्षाला पडली.

बंड्या_ठाणेकर
वाचून गप्प झालो दादा. माझ्या भाच्याचा सिलिंडर पण दरवेळी वाढतोय आणि तो डोळे चोळतो. रविवारीच नेतो त्याला.

डॉ_नेत्रा
रविवारची वाट बघू नका, या आठवड्यात न्या. आणि चोळणं आजपासून बंद.

चिंतामणराव
मी साठीचा, भजनी मंडळात पेटी वाजवतो. माझा प्रश्न वेगळा. महागातला प्रोग्रेसिव्ह चष्मा केला, एकाच काचेत लांबचं-जवळचं सगळं असतो तो, लांबचं दिसतं, पेपर दिसतो, पण पेटीवर बसलो की समोरची वही धूसर. मान वर करून वाजवतो, मान धरते. दुकानदार म्हणतो सवय होईल. कधी होईल?

कोयनाकाठ
काका, ही सवयीने जाणारी गोष्ट दिसत नाही. तुमची वही साधारण दोन-अडीच फुटांवर असेल, म्हणजे ना लांब ना जवळ. प्रोग्रेसिव्हमध्ये त्या अंतराचा पट्टा काचेच्या मधे अरुंदसा असतो, आणि फ्रेममध्ये तुमची बाहुली किती उंचीवर येते हे मोजून काच बसवली नसेल तर तो पट्टा सापडतच नाही. ती उंची फ्रेम चेहऱ्यावर ठेवून, समोर उभं राहून मार्करने खूण करून मोजायची असते. तपासायला जाल तेव्हा वही घरच्या अंतरावर धरून दाखवा. खरं तर तुम्हाला पेटीसाठी वेगळा, त्या एकाच अंतराचा साधा चष्मा पुरेल आणि तो स्वस्तात होईल. सोनार, शिंपी, भटजी, प्रत्येकाचं हातातलं काम वेगळ्या अंतरावर असतं, म्हणून मी पहिला प्रश्न कामाचा विचारते.

चिंतामणराव
हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. आभारी आहे बाई.

वणीकर
मी यवतमाळ जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात डोळे तपासतो. कोयनाकाठ ताई, तुमचं सगळं वाचलं, पण माझ्यासमोर येणाऱ्याला दोनशे म्हणजे एका दिवसाच्या मजुरीचा मोठा हिस्सा आहे, तो दिवस पण बुडतो तं बुडतोच. आमच्या इथं बाया येतात, पन्नाशीच्या आसपास, म्हणतात डोळे गेले. बघतो तं मोतीबिंदू नसतो, पडदा चांगला, नुसती चाळिशी. अंगावर धरलेल्या सुपात तांदळातला खडा दिसत नाही म्हणून सून बोलते, सुईत दोरा जात नाही म्हणून गोधडी शिवणं सोडलेलं, मोबाईलवर नातवाचा फोटो दिसत नाही. प्लस दोनचा चष्मा घातला की हातावरच्या रेघा बघत बसतात. आसाममध्ये चहाची पानं खुडणाऱ्या चाळिशीपुढच्या कामगारांवर एक अभ्यास झाला होता, २०१८ साली लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आला, फक्त जवळचा चष्मा दिला तं खुडणीचं काम २१.७ टक्क्यांनी वाढलं. एवढ्याशा काचेत एवढी ताकद. अशा माणसाला फी लावली तं तो येणारच नाही, न दिसता जगत राहील. फुकट तपासणी वाईट म्हणू नका ताई.

कोयनाकाठ
@वणीकर, तुमच्या प्रतिसादाने मला माझा मुद्दा जास्त नीट मांडता येतोय. तुमची तपासणी पेशंटला फुकट आहे पण तुम्हाला पगार आहे. एखाद्या बाईला तुम्ही सांगितलंत की चष्म्याची गरज नाही, तर तुमचं काही बुडत नाही. माझा विरोध आहे तो विक्रीवर पोसलेल्या फुकट तपासणीला. तुमच्यासारखी पगारावरची मोफत तपासणी प्रत्येक तालुक्याला हवी, आणि रिकामी पदं भरायला हवीत. माझ्याकडेही ज्यांना परवडत नाही त्यांची फी मी घेत नाही, ते माझं मी ठरवते, पण पाटीवर फी लिहिलेली असतेच.

वणीकर
हे पटलं. पदं भराच म्हणा, दोन तालुक्यांत मी एकटाच फिरतो.

नाशिक_चष्मेवाला
दोन दिवस विचार केला. सगळी फी वेगळी काढायचं धाडस आज तरी होत नाही, समोरचं दुकान डोळ्यासमोर येतं. पण आमच्या ऑप्टोमेट्रिस्ट मुलाशी बोललो, तो म्हणाला शेठ, निदान नंबर सगळ्यांना लिहून देऊ, चष्मा घेतला नाही तरी, आणि दोन बाहुल्यांमधलं अंतर पण लिहू. ते अंतर, म्हणजे पीडी, आम्ही आजवर कागदावर देत नव्हतो, सगळ्या लाईनीत कुणीच देत नाही, गिऱ्हाईक ऑनलाईन जाऊ नये म्हणून. एक तारखेपासून देणार. आणि लहान मुलांच्या तपासणीचे शंभर रुपये घेणार, कारण त्यात खरंच वेळ जातो. बघू कोण काय म्हणतं.

यॉर्कशायरची वैदेही
दादा, पीडी लिहून देणं ही छोटी गोष्ट नाही. इथे पण बरेच जण देत नाहीत.

परागकण
+१. त्या मुलाचा पगार पण वाढवा शेठ.

अनुष्का_१२वी
आईबाबांना हा पूर्ण धागा वाचायला दिला. बाबा मीरेच्या गोष्टीवर बराच वेळ काही बोलले नाहीत. आता ते म्हणतात एखाद्या हॉस्पिटलात एक दिवस बसून बघ कसं काम असतं, मग ठरवू. परागकण दादा, असं बसू देतात का?

परागकण
विचारून बघ, बऱ्याच ठिकाणी देतात. मुलांच्या ओपीडीच्या दिवशी जा.

मीरेची आई
एक राहिलंच विचारायचं. मीरेचा धाकटा भाऊ तीन वर्षांचा आहे. त्याला काहीच त्रास नाही, वाचता पण येत नाही अजून. त्याची तपासणी शाळेत जायला लागल्यावर करावी का?

कोयनाकाठ
आत्ताच करा. बहिणीला आहे म्हणजे त्याला असण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा जास्त. अक्षरं यायची गरज नाही, चित्रांचा तक्ता असतो, आणि वर परागकणांनी लिहिलंय तसं रेटिनोस्कोपीला मूल बोललं नाही तरी चालतं. सकाळची वेळ घ्या, पोट भरलेलं आणि झोप झालेली असू दे. थेंब घातले की काही तास उजेड सहन होत नाही, टोपी बरोबर ठेवा. आणि मीरेलाही न्या, तिला पाहून तो घाबरणार नाही.